पिवळी भिंत उजळण्याआधी

आबांना उभ्या आयुष्यात कुणी 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. त्यांची सारी नोकरी स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीमागे गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल एवढंच सांगायचं काम. पण आबा लोकांचं सामान राखायचे, म्हाताऱ्यांना गोळी घ्यायची आठवण करायचे आणि भांडलेल्या नवराबायकोचा समेटही त्या खिडकीतूनच घडवून आणायचे. खिडकीला पत्र्याची झडप होती. जेवणाच्या सुट्टीत ती ओढून घ्यायची, असा नियम होता. आबांनी ती कधी ओढलीच नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी नव्या माणसानं ती ओढून पाहिली, तर गंजून बसलेली, जागची हलेना. ही हकिगत आबा येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानानं सांगत.

नोकरी सुटली, पण खिडकी काही सुटली नाही. गल्लीत कुणाचं काही अडलं की तो आबांकडे यायचा आणि आबा म्हणायचे, "होऊन जाईल." आता 'होऊन जाईल' म्हणायला काय जातं? ते करणार कोण, एवढाच प्रश्न उरतो. आबांच्या घरात तो प्रश्न सूनबाईच्या वाट्याला यायचा.

मुलगा जहाजावर इंजिनीअर, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरात सासरे आणि सून अशी दोनच माणसं. सूनबाई कृत्रिम डोळे बनवायची. आजारात किंवा अपघातात एखाद्याचा डोळा गेला की इस्पितळातले डॉक्टर त्याला तिच्याकडे पाठवत. ती त्याला समोरच्या खुर्चीत बसवायची आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत, शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या चकतीवर तसाच दुसरा डोळा रंगवायची. रंगाचा एक थर वाळला की दुसरा, मग तिसरा. पांढऱ्या भागावरच्या बारीक शिरांसाठी ती लाल रेशमाचा धागा सुईनं विंचरून त्याचे तंतू सुटे करायची. ते रेशीम सासूबाईंच्या भरतकामाच्या डब्यातलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं रेशीम आता कितीतरी लोकांच्या डोळ्यांत होतं. हे मनात आलं की आबा उगाच तो डबा उघडून पाहायचे.

सुनेचं त्यांना भारी कौतुक. आणि गंमत अशी, की सगळा घोटाळा त्या कौतुकानंच केला होता. "आमची सून माणसाचा डोळा रंगवते, तुमची पाटी म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ," असं म्हणून आबांनी गल्लीभरच्या पाट्या, मुलांचे शाळेचे तक्ते, टवके उडालेल्या फुलदाण्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. सूनबाईलाही नकार द्यायची सवय नव्हती. माहेरी थोरली लेक, सासरी एकुलती सून. अशा बाईच्या तोंडात 'बरं' आधी येतं, विचार मागाहून.

तिच्या कामाला एक अडचण होती. रंग खरे दिसतात ते सकाळच्या शांत, सावलीतल्या उजेडात. पुढच्या खोलीच्या खिडकीतून असा उजेड यायचा, पण तो थोडाच वेळ. ऊन चढलं की समोरच्या काकूंच्या भिंतीवर पडायचं, आणि काकूंनी ती भिंत पिवळीधमक रंगवून घेतलेली. भिंत उजळली की खोलीतलं सगळंच पिवळसर व्हायचं, आणि त्या उजेडात जुळवलेला रंग बाहेर गेल्यावर दगा द्यायचा. त्यामुळे भिंत उजळली की ब्रश खाली. मग उरलेला दिवस साचे भरायचे, घासायचं, पॉलिश करायचं. दिवा लावून का रंगवत नाहीस, असं आबांनी एकदा विचारलं होतं. "दिव्याला स्वतःचा रंग असतो, आबा," ती म्हणाली होती.

एके दिवशी डॉक्टरांनी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांना पाठवलं. आजारपणात त्यांचा डावा डोळा काढावा लागला होता. माणूस मोठा बोलका. पण दुकानातली खुर्ची त्यांनी आरशाकडून फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"त्याचं काय होतं ताई, गिऱ्हाईक आरशात माझ्याकडे बघतं आणि चटकन मान खाली घालतं," ते सूनबाईला म्हणाले. "चांगल्या मनानंच घालतं हो. मला वाईट वाटू नये म्हणून. पण मान खाली घातली की कल्ले सारखे कसे करणार? शेवटी खुर्चीच फिरवली. आता गिऱ्हाईक भिंतीकडे बघतं आणि मी त्याच्या टाळूशी गप्पा मारतो." असं म्हणून ते हसले, पण त्यांच्या हसण्यात कुणी सामील झालं नाही. "तुम्ही डोळा द्या, मी खुर्ची फिरवतो. बायकोला तसं सांगून आलोय."

त्यांचा उरलेला डोळा लांबून साधा तपकिरी वाटायचा. जवळून पाहिलं की बुबुळाच्या खालच्या कडेला मध सांडल्यासारखी सोनेरी छटा दिसायची. सूनबाईनं त्या छटेवर सकाळीमागून सकाळ घालवली. अखेरचा थर द्यायचा होता त्या सकाळी सलूनवाले दुकान बंद करून आले, खुर्चीत बसले, तिनं रंग कालवला, आणि दारात हेडमास्तर उभे राहिले.

हेडमास्तर कधीचे निवृत्त झालेले, पण गल्लीत त्यांच्यासमोर अजूनही कुणी पायावर पाय टाकून बसत नसे. आबा ज्या ज्येष्ठ मंडळात जायचे, त्याचे ते चिटणीस. बगलेत वाचनालयाची कोरी पाटी.

"आबा, तुम्ही म्हणाला होतात, चुटकीसरशी होईल. पाहुणे आजच यायचेत."

"अहो, होऊन जाईल की," आबा म्हणाले. "सूनबाई, चार अक्षरं तर आहेत. सलूनवाले काय, घरचेच आहेत."

सूनबाईनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

चार अक्षरं काढायला कितीसा वेळ लागणार? पण हेडमास्तर डोक्याशी उभे राहिले. इथली वेलांटी जरा गोल हवी, तो काना सरळ नाही. पाटी घेऊन ते गेले तेव्हा समोरची भिंत झगझगीत उजळली होती. सूनबाई ब्रश धुवायला उठली, तसे सलूनवाले काकुळतीला आले. "ताई, आता एवढंच राहिलंय ना? परत दुकान बंद ठेवायला लावू नका हो." आणि जिनं हेडमास्तरांना नाही म्हटलं नव्हतं, तिला या बापड्याला नाही म्हणवेना. ती बसली. त्या पिवळ्या उजेडात तिनं छटा जुळवली आणि ती हुबेहूब जुळली.

डोळा बसवायच्या दिवशी सलूनवाले धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सकाळ होती, उजेड अगदी स्वच्छ. सूनबाईनं डोळा बसवला, मागे सरकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आबा दारातच होते. त्यांनाही दिसलं. एक डोळा मधाळ तपकिरी आणि दुसरा राखाडी, पावसात राहून गेलेल्या लाकडासारखा.

सलूनवाल्यांनी हातातल्या आरशात बराच वेळ पाहिलं. "डोळा सुरेख आहे, ताई," शेवटी ते म्हणाले. "फक्त माझा नाही." आणि आरसा त्यांनी उपडा ठेवला.

तिनं परत पहिल्यापासून करून देते म्हणून सांगितलं, हात जोडले. ते "असू द्या, असू द्या" म्हणत गेले. जाताना चपला घालायला मात्र त्यांना उगाच वेळ लागला.

आता आपल्याला चार शब्द ऐकावे लागणार, म्हणून आबा मान खाली घालून बसले होते. सूनबाई म्हणाली, "आबा, चूक माझी आहे. त्या दिवशी दोनदा नाही म्हणायला हवं होतं. एकदा मास्तरांना, एकदा यांना. मला एकदाही जमलं नाही." एवढं बोलून ती तो डोळा मुठीत धरून आत गेली. ती भांडली असती तर आबांना बरं वाटलं असतं.

आबा काही नुसतं बसून राहणारे नव्हते. त्यांच्या डोक्यानं इलाज काढला, आणि तोही त्यांच्या स्वभावाला साजेसा: कुणालाही नाही म्हणायला लागू नये, भिंतच पांढरी करून टाकावी! ते रस्ता ओलांडून काकूंकडे गेले. सगळी हकिगत सांगितली, उजेडाचं शास्त्र समजावलं, रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च आपण करू म्हणाले.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "नाही हो आबा," त्या म्हणाल्या, "मला पिवळाच आवडतो. चहा टाकू?"

काकू रागावल्या नव्हत्या, ओशाळल्या नव्हत्या, सबब सांगितली नव्हती. नाही म्हणाल्या आणि त्याच दमात चहा विचारला. आबा नुकताच घरून चहा पिऊन आले होते, पण नको म्हणवलं नाही म्हणून पुन्हा प्यायले.

घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा सूनबाई त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे एवढंच म्हणायचं असतं होय?" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "आणि मी किती वर्षं घाबरत होते!"

पण समजलं म्हणून लगेच जमतं थोडंच! पहिला प्रयोग खुद्द काकूंवरच झाला, आणि साफ फसला. नातीच्या बाहुलीचे डोळे रंगवून घ्यायला त्या सकाळी सकाळी आल्या. सूनबाईनं सांगितलं, आत्ता जमणार नाही, काम आहे. काकू म्हणाल्या, मी बसते. ती म्हणाली, बारीक ब्रश पेशंटच्या रंगात आहे. काकू म्हणाल्या, माझ्याकडे ब्रश आहे. ती म्हणाली, मान दुखते. काकूंनी मलम आणून दिलं. शेवटी बाहुली टेबलावर, मलम मानेवर आणि भिंत पिवळी.

"कारण सांगितलं की लोक कारणावर तोडगा काढतात, आबा," संध्याकाळी ती म्हणाली. "त्यांची चूक नाही. मला वाटतं, कारण सांगायचंच नाही."

पुढच्या वेळी आबा आतल्या खोलीत कान टवकारून बसले होते. काकूंना आता डब्यांवर नावं घालून हवी होती. सूनबाईचा आवाज आला, जरासा कापरा, पण स्पष्ट. "नाही काकू. सकाळी नाही." पुढे काहीच नाही. नुसती शांतता. त्या शांततेनं आबांचा जीव असा कासावीस झाला, की धावत जाऊन 'होऊन जाईल' म्हणावं असं त्यांना वाटलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. मग काकूंचा आवाज आला, "बरं बाई." आणि चपला वाजल्या.

काकू थोडे दिवस फुगून होत्या. मग एका दुपारी स्वतःच विरजण मागायला आल्या, आणि सूनबाईनं डब्यांवरची नावं त्यांच्यासमोर घालून दिली, कारण डब्यांना पिवळा उजेड चालतो. गल्लीत शिकवणी घेणाऱ्या बाईंना तक्ते रंगवून द्यायला नाही म्हटलं, त्या मात्र तुटल्या त्या तुटल्याच. रस्त्यात भेटल्या तरी बघत नसत. त्याचं सूनबाईला लागलं. "वाईट वाटतं, आबा," ती म्हणायची. "पण सलूनवाल्यांनी आरसा उपडा ठेवला ना, तेव्हा याहून जास्त वाटलं होतं."

आबा पाहत होते. रोज सकाळी ती दार लोटून घ्यायची. मोबाईल पिठाच्या डब्याशेजारी ठेवून द्यायची, तो तिथं खुशाल वाजत राहायचा. हळूहळू तिचा आवाज कापायचा थांबला. नाही म्हणताना ती आता समोरच्याकडे बघून, चांगलं हसून म्हणायची. आबांनी जन्मभर माणसं जोडली होती, असं त्यांना वाटायचं. ही पोरगी नाही म्हणते आणि तरी माणसं जोडते, हे त्यांना नवीन होतं. एवढं धैर्य आपल्यात कधीच नव्हतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं, आणि नवल म्हणजे कबूल करताना त्यांना आनंदच झाला.

आता कुणाला वाटेल, आबा शहाणे झाले. कसले होताहेत! मंडळाच्या बैठकीत हेडमास्तरांनी नव्या सभागृहाचा विषय काढला. संस्थापकांचं मोठं चित्र हवं, आणि आबांनी ते मनावर घेतलं तर यंदाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही. आबांची छाती फुगली, आणि तोंडातून तो जुना शब्द निसटला, "होऊन जाईल."

सूनबाईनं सलूनवाल्यांना पुन्हा बोलावून डोळा पहिल्यापासून करायला घेतला होता. हेडमास्तर फोटो घेऊन आले ते नेमके त्याचा अखेरचा थर होता त्या सकाळी. आबांनी त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत जाऊन एक शब्द विचारायचा, त्यात काय मोठंसं, आपण काय परके आहोत? त्यांनी दार हळूच ढकललं.

सूनबाई वाकून बसली होती. डाव्या हाताच्या चिमटीत चकती, उजव्या हातात ब्रश, त्याचं टोक जेमतेम केसाएवढं. ती सलूनवाल्यांच्या डोळ्यात बघत होती आणि श्वाससुद्धा बेतानं घेत होती. तिच्या हातासारखा स्थिर हात आबांनी दुसरा पाहिला नव्हता.

"सूनबाई, जरा एक मिनिट..."

"नाही, आबा."

तिनं मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, अनादर नव्हता. त्या घरात आजवर तिनं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आबांना कानशिलं तापल्यासारखं झालं. दाराच्या कडीवर त्यांचा हात तसाच राहिला. आणि मग त्यांना दिसलं, की ब्रश थांबलेलाच नाही. ती त्यांना नाही म्हणाली आणि तिचा हात एवढासुद्धा हलला नाही. आबांना तिचा असा अभिमान वाटला, की मुलाच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटला नव्हता. त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं.

बाहेर हेडमास्तर घड्याळ बघत होते. "काय म्हणाल्या?"

"नाही जमणार, मास्तर," आबा म्हणाले.

"म्हणजे? का?"

आबांच्या जिभेवर कारणांची गर्दी झाली. तिला बरं नाही, पाहुणे आहेत, रंग संपलेत. सगळी तयार, सगळी गोड. त्यांनी एकेक गिळलं. हेडमास्तर वाट बघत होते, आणि आबांना ती शांतता सुनेला सोसावी लागते तशी सोसावी लागली.

"अहो, पण तुम्ही शब्द दिला होतात!"

"शब्द माझा होता. हात तिचे आहेत. मी विचारल्याशिवाय द्यायला नको होता." आबांनी घसा साफ केला. "चहा टाकू?"

हेडमास्तर चहा न घेताच गेले, आणि त्यांच्याबरोबर अध्यक्षपदही गेलं. आबांनी खुर्ची ओढून दाराला पाठ लावली आणि ते पहाऱ्यावर बसले. शेजारचा भाडेकरू आला, त्याला परत पाठवलं. काकू आल्या, त्यांना ओठावर बोट ठेवून दाखवलं. आत अगदी सामसूम होती. मग समोरच्या भिंतीच्या माथ्यावर उन्हाची पहिली रेघ आली, आणि आतून ब्रश पाण्यात खळखळल्याचा आवाज आला. झालं होतं.

डोळा बसवल्यानंतर काही दिवसांनी आबा केस कापायला गेले. दुकानात पाऊल टाकलं आणि ते थबकले. खुर्ची आरशाकडे तोंड करून होती. त्यांनी बसून समोर पाहिलं. आरशात त्यांच्या डोक्यामागे सलूनवाले हसत होते, आणि दोन्ही डोळ्यांच्या खालच्या कडेला मध सांडला होता.

"मान वर ठेवा, आबा," ते म्हणाले. "कल्ले बघू द्या."

कात्री चालू झाली आणि तोंडही. इतक्यात बाकावर पेपर वाचणारा एक ओळखीचा गृहस्थ पुढे सरकला. "अहो आबा, बरे भेटलात. आमच्या गच्चीवर एक पाटी लावायचीय. सकाळी सूनबाईंकडे घेऊन येऊ का?"

"नाही," आबा म्हणाले. गळ्याशी पांढरं कापड, कानाशी कात्री, पण मान ताठ. पुढे ते काहीच बोलले नाहीत.

गृहस्थ "बरं बरं" म्हणून पुन्हा पेपरात शिरला. कात्री क्षणभर थांबली. सलूनवाल्यांनी आरशात आबांकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. घरी येऊन आबांनी सूनबाईला सगळं रंगवून सांगितलं. तिनं हसत एवढंच विचारलं, की कुठला डोळा मिचकावला. आबांनी डोकं खाजवून पुष्कळ आठवून पाहिलं, पण ते काही त्यांना सांगता आलं नाही.